डाव्या पायाचा साचा

मी एक जुना लाकडी साचा आहे, मित्रांनो, डाव्या पायाचा. माझ्यावर चामडं ताणून बूट शिवतात. थोरल्या कारागिराने मला घडवलं, उजव्या पायाचा साचा त्याच्या धाकट्या भावाने. एकाच ओंडक्यातले आम्ही, एकाच दुकानात चाळीस वर्षं राबलो.

तेव्हा परदेशी मालाला बंदी होती. सरकारने ती उठवायचं काढलं, पण बुटांच्या बाबतीत कारागिरांच्या संघाची संमती मागितली. संघात मतं देतात ती आम्हा साच्यांनीच. प्रत्येकाने आपला साचा सभेच्या लांब टेबलावर ठेवायचा. चवडा दाराकडे म्हणजे बंदी उठवा, भिंतीकडे म्हणजे राहू द्या. कुणाचा साचा कोणता हे सगळे ओळखत, त्यामुळे लपवाछपवी नाही.

थोरल्याची मुलगी बंदरावर क्रेन चालवायची. जहाजंच येईनात, म्हणून तिला घरी बसवायची नोटीस लागली होती. बाप सभेला निघाला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे बघून ठरवू नका." त्याने मला काखेत घेतलं आणि तो बाहेर पडला. याबद्दल भावाशी बोलणंही त्याने आठवडाभर टाळलं होतं. तिथेच चुकलं.

सभेत मतं समसमान पडली. थोरला अध्यक्ष, त्याचं मत शेवटी. धाकट्याचा साचा भिंतीकडे तोंड करून बसला होता. थोरल्याने मला टेबलावर न ठेवता हातातच धरून ठेवलं. साचा उबवताय की काय अध्यक्ष, असा मागून कुणीतरी टोमणा मारला.

धाकटा हळूच म्हणाला, "दादा, पोरगी तुझी आहे. दुकान दोघांचं आहे."

"म्हणून तर हात जड झालाय," थोरला म्हणाला, आणि त्याने माझा चवडा दाराकडे वळवला.

धाकट्याने आपला साचा काखोटीला मारला. दारात थांबून, मागे न बघता तो बोलला, "उद्या मास्तरांचे बूट द्यायचेत. लवकर ये."

ते बूट पुरे झाले. डावा थोरल्याने शिवला, उजवा धाकट्याने. मग जहाजं आली. मुलीची नोकरी टिकली, आमचं काम वर्षभरात आटलं. धाकटा आता परदेशी बूट विकतो, थोरला तेच बूट दुरुस्त करतो. दोघं बोलतात, पण त्या सभेबद्दल नाही.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून तेल चोळा, नाहीतर तडे जातात. आणि एकाची भाकरी वाचवताना दुसऱ्याची जाणार असेल, तर सभेआधी घरात समोरासमोर बसा. मग काहीही ठरो. आम्हाला मात्र जोडीनेच ठेवा. एका साच्यावर बूट होतो, पण तेवढाच घालून कुणी चालू शकत नाही.