टँकरपुढची भाषा

उदगीरच्या शाळेत शिकवणाऱ्या रुद्राणीबाईंना कथा लिहायची भारी हौस. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि त्यापाठोपाठ लातुरात एक नवं साप्ताहिकही निघालं होतं. बाई तिकडं कथा पाठवायच्या आणि कथा परत यायच्या. शेवटची परत आली तेव्हा संपादक व्यंकटरावांनी वर लिहिलं होतं, "भाषा स्वच्छ आहे. पण ही कथा कुणीही लिहिली असती." बाईंना ते फार लागलं. कथेतली नायिका समुद्राकाठच्या बंगल्यात राहत होती. बाईंनी समुद्र पाहिला नव्हता.

त्या साली पावसानं पाठ फिरवली. गल्लीत टँकर यायला लागला. एके दिवशी सासूबाई कमलम्मा दारातूनच कानडी-मराठीत ओरडल्या, "नीरु बंतु! पाणी आलं, पळा!" बाई कळशी घेऊन धावल्या. निम्म्या बायांचं पाणी भरायचं राहिलं होतं, तोच ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली आणि शेजारच्या चतुराबाईंची घागर चाकाखाली चेपली. चतुराबाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

"वाटंत कशाला ठेवता?" ड्रायव्हर म्हणाला.

रुद्राणीबाई टँकरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "आता हालव गाडी! लई घाई हाय का तुला? आधी समद्यांचं पाणी भर, मंग जा कुठं जायचं ते. न्हाई तर घाल माझ्या अंगावर!"

बाईंच्या तोंडून अशी भाषा कुणी ऐकली नव्हती. माहेर सुटल्यापासून खुद्द बाईंनीही नाही. ड्रायव्हरनं मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

संध्याकाळी बाई लिहायला बसल्या. पहिलं वाक्य उतरलं, "पाण्याअभावी त्रस्त झालेल्या महिला..." त्यांनी ते खोडलं. मग जे जसं बोललं गेलं, तसंच लिहीत गेल्या. हात थांबेना.

कथा घेऊन त्या स्वतः लातूरला गेल्या. व्यंकटराव वाचता वाचता हसले, मग लाल पेन काढून 'हाय'चं 'आहे' करायला लागले. "शाळेच्या बाई तुम्ही. लोक काय म्हणतील?"

"असं बदलणार असाल तर छापू नका," बाई म्हणाल्या. "मग ती माझी राहणार न्हाई."

व्यंकटरावांनी पेनाला टोपण लावलं.

कथा जशीच्या तशी छापून आली. मुख्याध्यापकांनी बोलावून सुनावलं, "मुलांनी काय शिकायचं यातून?" ते बाईंनी ऐकून घेतलं. पण चतुराबाई दारात आल्या, तेव्हा रुद्राणीबाईंची मान खाली गेली.

"घागरीचं लिवलं ते बरं केलं. मी रडले ते कशाला लिवलं? गावभर झालं की."

त्यानंतर चतुराबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला.

पुढची कथा सासूबाईंवर होती. या खेपेला बाईंनी ती आधी त्यांना वाचून दाखवली. कमलम्मांनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या. बाईंनी एक काढली, दुसरी राहू दिली. त्यावरून घरात बरंच वाजलं. कथा मात्र लातूरला गेली.