अंजनाबाईच्या बोटांवरची मेंदी

बायांनो, जरा जवळ सरका. बुवा यायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगते. देवाची नाही, माझीच आहे, आणि चांगली नाही.

सेक्टर दहात माझ्या शेजारी अंजनाबाई राहायची. तिची कातडी आवळत चालली होती; गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडायची, मग निळी. दर सहा महिन्यांनी डॉक्टर दामिनी तिच्या नखांच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून यंत्रानं फोटो काढायची. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमी झाल्या, तर फुप्फुसंही आवळत असण्याची भीती. फुप्फुसांची ताकद मोजायला नळीत फुंकायची तपासणी तिला जमतच नसे. आवळलेलं तोंड नळीभोवती मिटायचं नाही.

मार्चात तिच्या रोशनीचं लग्न. मेंदीच्या दिवशी मी तिची बोटं पहिल्या पेरापर्यंत थापायला घेतली, नवरीच्या आईची थापतात तशी.

"नोको वो बाई. डॉक्टरीण म्हणते, नखाले काही लावू नोको. पुढच्या हप्त्यात फोटो हाये."

"लेकीच्या लग्नात असे निळे हात घेऊन फिरशीन? पावने म्हणतीन, भूत आलं! देवापुढं ठेवलेली मेंदी हाये, तिनं कोनाचं वाईट होते का?"

सगळ्या हसल्या. तीही हसली आणि हात पुढे केला.

आठवड्यानं यंत्राच्या पडद्यावर सगळं तपकिरी. दामिनी वैतागली. "काहीच दिसत नाही. छातीचा सीटी स्कॅन आजच कर लेते हैं." चिठ्ठीही दिली. पण घरात पाहुणे होते.

"रंग उतरू द्या मॅडम," नवरा शेषराव म्हणाला, "फोटो खराब आला तर सीटी करू."

मी सोबत होते. मीही म्हटलं, "हो ना, हळदीत तर चांगली नाचली."

कातडीवरचा रंग महिन्यात गेला; फोटो कातडीचाच, तेव्हाच निघाला असता. नखांवरचा राहिला, आणि नखं लाल दिसत तोवर शेषराव म्हणायचा, "अजून हाये ना." ती जिन्यात दोनदा बसायची. आम्हाला वाटायचं, लेक सासरी गेली म्हणून.

जूनच्या फोटोत निम्म्या वाहिन्या नव्हत्या. सीटीत फुप्फुसं खालून जाळीसारखी, कडक.

"औषधानं पुढचं थांबलं तर थांबेल," दामिनी म्हणाली. "गेलेलं येणार नाही."

शेषराव माझ्याकडे बघेना. अंजनाबाईच मला म्हणाली, "तुयं तोंड कावून पडलं? हात मीच देल्ला होता ना."

दिवाळीआधी ती गेली. लोक म्हणतात, देवाची मर्जी. माझ्या तोंडून ते निघत नाही. तुम्ही आरतीला उभ्या राहाल तेव्हा तिची आठवण काढा, अंजनाबाईची. माझी नका काढू.