नलिनीबाईंच्या यीस्टमधली साखर

श्रुतिकाचा नुसता राग आला असता तर नलिनी परबांचं काम सोपं झालं असतं. राग आला की माणूस दोन शब्द बोलतो आणि मोकळा होतो. नलिनीबाईंना तिचा हेवा वाटत होता, आणि एक्कावन्नाव्या वर्षी, हाताखालच्या मुलीचा हेवा वाटतो हे सांगणार कोणाला?

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात त्यांची लॅब होती. साखर काढून घेतल्यावर कारखान्यात जी काळी, चिकट मळी उरते, ती तिथे ड्रमने यायची. तिच्यावर यीस्ट वाढवायचं, ते सुकवून त्याची पूड करायची आणि दुभत्या जनावरांच्या खुराकात घालायला विकायची, हा धंदा. मळीला कोणी विचारत नाही, पण तिच्यातली उरलीसुरली साखर खाऊन यीस्ट वाढलं की त्यात प्रोटीन येतं आणि त्या पुडीला चांगला भाव मिळतो. ही सगळी पद्धत नलिनीबाईंनी बसवली होती. त्यांनी बाहेरून मागवलेलं यीस्ट इतकी वर्षं असं जपलं होतं की गणपतीला कणकवलीला जायचं तरी त्याची सोय आधी लागायची आणि तिकीट मग निघायचं.

आणि ही श्रुतिका! अंधेरी स्टेशनबाहेरच्या रसवंतीवर रस पिता पिता तिने चरकाला चिकटलेला फेस कापसावर टिपून आणला आणि त्यातून नवीन यीस्ट वेगळं काढलं. नलिनीबाई तेव्हा मोठ्याने हसल्या होत्या. पुढे ते रस्त्यावरचं यीस्ट त्यांच्या यीस्टपेक्षा भराभर वाढायला लागलं आणि त्यांचं हसणं बंद झालं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पोरगी गुणी होती हो! चहा स्वतः उठून करायची, ड्रम धुवायची, वर पुन्हा "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत म्हणून जमलं" म्हणायची. हे वाक्य ऐकलं की नलिनीबाई तिने धुतलेला ड्रम पुन्हा धुवायला घ्यायच्या. मालक नंदकुमार सर आल्या आल्या आता "श्रुतिका कुठाय?" विचारायचे. घरी नवरासुद्धा, "ता तुमचा चेडू बरा आसा मां?" म्हणून त्या पोरीची चौकशी करायचा. तिने एकदा डब्यात पाठवलेली कोथिंबीरवडी त्याच्या जिभेवरून अजून उतरली नव्हती.

अशात सांगलीकडच्या एका साखर कारखान्याने स्वतःच्या आवारात यीस्टचा प्लांट टाकायचं ठरवलं. दोघींची पूड जोगेश्वरीच्या तबेल्यात म्हशींना घालून बघायची, म्हशी जी आवडीने खातील तिचा प्लांट उभा राहणार आणि जिची पूड तीच तो उभा करायला जाणार. म्हशीचं हे असं असतं, खुराकात जरा काही वेगळं लागलं की ती तोंड फिरवते, मग त्यात किती का प्रोटीन असेना. नलिनीबाईंना तो प्लांट हवा होता. रिटायर व्हायच्या आत आपली पद्धत ड्रममधून निघून मोठ्या टाकीत गेलेली बघायची होती, आणि एकदा, एकदाच, त्या पोरीच्या पुढे असायचं होतं.

तबेला पहाटेचा म्हणून आदल्या संध्याकाळी दोन्ही पिशव्या त्या घाटकोपरला घरी घेऊन आल्या. श्रुतिकाच्या पिशवीला लाल दोरा, त्यांच्या पिशवीला निळा. येताना वाण्याकडे गुळाची पावडर घेतली. गावाला गाय खाईनाशी झाली की आई आंबोणात गूळ कालवायची, मग ती मुकाट खायची. स्वयंपाकघरात परात घेऊन नलिनीबाईंनी आपल्या पुडीत गूळ चांगला मळून मिसळला. रंग इतका बेमालूम मिळाला की त्यांचं त्यांनाच ओळखता येईना.

"लाडवांचा पीठ काय गो ह्या?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"म्हशींचं आहे."

"मग ऱ्हवांदे," म्हणून तो टीव्हीपुढे गेला.

सकाळी तबेल्यात कारखान्याचे देवव्रत मोहिते पँट दुमडून उभे होते. लाल दोऱ्याचा खुराक म्हशींनी हुंगला, थोडा खाल्ला, थोडा ठेवला. निळ्याच्या गव्हाणीत मात्र नुसती झुंबड! "ताई, देखो तो, पूरा चाट लिया!" तबेलेवाला ओरडला. नंदकुमार सरांनी टाळी वाजवली. नलिनीबाईंना खूप आनंद झाला. कित्येक महिन्यांत असं हलकं वाटलं नव्हतं.

"मॅडम, झकास!" श्रुतिकाने त्यांना मिठीच मारली. "मला वाटलंच होतं. तुमचं ते तुमचंच."

ती मिठी नलिनीबाईंनी अंग चोरून सोसली. मोहित्यांनी उरलेल्या पुडीच्या पिशव्या गाडीत टाकल्या आणि गेले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. नंदकुमार सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्या निळ्या पिशवीत साखर सापडली की ओ मॅडम," मोहिते म्हणाले. "आणि थोडीथोडकी न्हाई. आता आमच्या लॅबला दुसरं काय येवो न येवो, साखर मोजायला येतीया बघा. तुमच्या यीस्टनं ती खायची, त्याचं प्रोटीन करायचं, हाच धंदा न्हवं? ते न खाताच बसलंय म्हटल्यावर निम्मी मळी वाया. गोड लागलं म्हणून म्हशीनं चाटलं हो. लाल पिशवीत साखरेचा कण न्हाई."

नलिनीबाईंना परातीतला गूळ आठवला. ज्या बाईने इतकी वर्षं साखर संपली की नाही हे बघितल्याशिवाय ड्रम उघडू दिला नाही, तिने स्वतःच्या हाताने साखर घातली होती! हेव्याच्या भरात त्यांना फक्त म्हशीची जीभ दिसली होती, कारखान्याची लॅब दिसलीच नव्हती.

"शक्यच नाही," श्रुतिका ताडकन म्हणाली. "सर, मॅडमच्या बॅचमध्ये साखर उरतच नाही. मी स्वतः बघितलंय. आपल्याकडे त्याच बॅचची बाटली राखून ठेवलीय, ती पाठवू या. तिच्यात साखर निघाली तर मी नोकरी सोडते!"

"आणि नाही निघाली तर?" सरांनी विचारलं.

"तर पिशवीत कोणीतरी काहीतरी मिसळलंय."

सर नलिनीबाईंकडे बघायला लागले. पिशव्या कोणाच्या घरी होत्या हे तिघांनाही माहीत होतं. श्रुतिकाला मात्र अजून काही सुचलेलं नव्हतं, ती आपली मॅडमची बाजू घेऊन लाल झाली होती. बाटली अडवली तर आयुष्यभराच्या पद्धतीची वाट लागणार होती, आणि जाऊ दिली तर स्वतःची.

"राहू दे गं श्रुतिका," नलिनीबाई म्हणाल्या. "बाटली चांगली आहे. पिशवीत गूळ मी घातला."

पुढचं थोडक्यात झालं. मोहित्यांनी फोन ठेवला आणि सांगलीला श्रुतिकाने जायचं ठरलं. नोकरी राहिली. सरांनी "नलिनीताई, तुम्ही?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी त्या पर्स आवरत असताना श्रुतिका शेजारी येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजले होते, पण आवाज सरळ होता.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला मी नकोच होते ना?"

नलिनीबाईंनी पर्सची चेन लावली.

"मग गूळ माझ्या पिशवीत का नाही घातलात? साखर माझ्यात निघाली असती, मी बाद झाले असते. दोन्ही पिशव्या तुमच्याकडेच होत्या."

इतके महिने नलिनीबाई जळल्या होत्या, रात्र रात्र हिला शिव्या घातल्या होत्या, आणि हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

"सुचलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "तुला पाडायचं नव्हतंच मला. सर बघ, आमचे हे बघ, सगळ्यांना तूच आवडतेस. वाटलं, म्हशींना तरी मी आवडावी."