खंडेनवमीची सुट्टी

"नाय निघालं काही, काका." गोपशेठने हार्ड डिस्क काउंटरवर ठेवली. "मुंबईच्या लॅबवाल्याने पण हात टेकले. पण चालू मशीन बंद कशाला केला तुम्ही?"

"खंडेनवमी व्हती, शेठ," कोंडाजी म्हणाले.

उल्हासनगरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुसरा कुणी हे ऐकून हसला असता. गोपशेठ हसला नाही. कोंडाजींनी अंबरनाथच्या कारखान्यात लेथ चालवण्यात जन्म काढला होता. खंडेनवमीला मशीन बंद करायचं, पुसूनबिसून तेलपाणी द्यायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. मुलगा सुजित तापाचं निमित्त होऊन गेला, आणि बेलवलीच्या घरात त्याचा सर्व्हर मागे राहिला, रात्रंदिवस घुमत. बिचाऱ्याला सुट्टीच नाही, असं वाटून यंदा त्यांनी तो बंद केला. बायकोने, कौसाबाईने, त्याला झेंडूची माळ घातली. दसऱ्याला बटण दाबलं, तर आतून नुसती टकटक. वर्षानुवर्षं फिरत असलेली जुनी डिस्क एकदा थांबली ती थांबलीच.

त्या डिस्कवर सुजितची साइट होती. बदलापूर, वांगणी, थेट बारवीकडच्या पाड्यांपर्यंत कुणाला रक्त लागलं, की त्या गटाचा माणूस जवळपास कुठे आहे ते तिथे दिसायचं. सगळी नावं सुजितने पायपीट करून जमवलेली. पहिलं नाव त्याचं स्वतःचं. तो गेल्यावरही कोंडाजींनी ते कुणाला काढू दिलं नव्हतं. मग अधूनमधून त्याच्या मोबाइलवर फोन यायचा, "सुजितभाऊ आहेत का?" आपल्या पोराला अजून कुणी विचारतंय, एवढ्यावर म्हाताऱ्याचा दिवस निघायचा. आता तेही गेलं, आणि आपल्याच हाताने गेलं, या विचाराने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"आता दुसरा दाखवा," ते म्हणाले. "पेन्शनीत बसंल असा."

गोपशेठने कोपऱ्यातल्या मोठ्या सर्व्हरकडे नुसती मान उडवली. "वो लाइट खाता है, आणि आवाजाने काकींना झोप नाय लागणार. हा घ्या." एका ऑफिसातून निघालेला छोटा डबा त्याने पुढे सरकवला. "प्रोसेसर जुना आहे, तुमच्या कामाला चालेल. रॅम वाढवून देतो. पैसा डिस्कमध्ये टाका. दोन नव्या लावतो, फिरणाऱ्या नाय. एक गेली तर दुसरी आहे. वर रोजची कॉपी बाहेर, वेगळी."

कोंडाजींनी डब्यावर हात फिरवला. "बंद केला तर परत उठंल ना?"

"उठेल, काका."

पुढच्या आठवड्यात गोपशेठने साधीशी साइट उभी करून त्यांना बोलावलं. "एक नाव टाकून बघू, चालतंय का. सुजितचं टाकतो ना पहिलं?"

हो म्हणायला कोंडाजींचा जीव आसुसला होता. शब्द ओठांवर आलाही.

"नको," ते म्हणाले. "कुणाचं मानूस मरायला टेकलेलं असंल. त्यांनी जित्यालाच फोन लावला पायजे."

गोपशेठने स्वतःचं नाव आणि रक्तगट टाकला. रिकाम्या पडद्यावर एकच ओळ उमटली.

"चौकशीसाठी नंबर कुणाचा देऊ?"

"सुजितचाच द्या," कोंडाजी म्हणाले. "तो मी उचलतो."