चार बोटं अरुंद

मी एक जुनी गोल्फची बॅग आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. तुम्ही माझे मित्र की त्या मोजणीवाल्याचे, ते शेवटी कळेलच. माझं वय विचारू नका. अंगाला जुन्या चामड्याचा वास येतो, तळाला ठिगळ आहे, आणि माझा स्वभाव चांगला नाही. पूर्वी चांगला होता. नवी गाडी घ्यायच्या भानगडीत तो बिघडला.

माझा जन्म गोल्फच्या मैदानावर झाला, पण पुढच्या बाजूला नाही. पुढे क्लबची इमारत, मोठमोठ्या काचांची. मागे पत्र्याची एक खोली. तिथे आबा बसायचे आणि सभासदांच्या बॅगा दुरुस्त करायचे. उसवलेले पट्टे, तुटलेल्या चेनी, फाटलेले तळ. लोकांनी टाकून दिलेल्या बॅगांमधलं चांगलं चांगलं चामडं त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. त्यातून त्यांनी मला शिवलं. आरीनं भोक पाडायचं, दोऱ्याला मेण लावायचं, टाका घालून दोन्ही हातांनी ओढायचा. सोमवारी सभासद येत नसत. त्या दिवशी कामगारांना खेळायची परवानगी होती, आणि आबांकडे होती सायकल. तिच्या कॅरिअरला नीट बांधता यावं म्हणून त्यांनी मला नेहमीच्या बॅगेपेक्षा चार बोटं अरुंद बेतलं. ही चार बोटं लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं.

माझ्यात सात काठ्या असत. सभासदांकडे चौदा असतात, पण आबा म्हणत की उरलेल्या सात मिरवायला. त्यांच्याबरोबर मैदानाचं गवत कापणारा खेळायचा. त्याला सगळे गवत्या म्हणत. दोघं प्रत्येक फटक्यावरून भांडायचे.

"आबा, तुमचा चेंडू झुडपात गेला."

"चेंडू सरळच होता. झुडूप आडवं आलं."

एकदा एका सभासदानं मला हातात घेऊन विचारलं होतं, ही कुठल्या कंपनीची? आबा म्हणाले, मागच्या खोलीतली. त्या दिवशी मी इतकी फुगले होते की माझ्यात आठवी काठीही मावली नसती.

आता त्या मोजणीवाल्याचं सांगते. हा आबांचा एकुलता एक मुलगा. जमिनी मोजतो. फीत, दुर्बीण, खुंट्या घेऊन फिरतो आणि कुणाचं कुंपण वीतभर कुठे सरकलंय ते सांगतो. माणूस हुशार, नाही कशाला म्हणू? पण लहानपणी शाळेत वडील काय करतात असं विचारलं की हा "क्लबमध्ये असतात" एवढंच सांगायचा. पुढे मोठा झाला, अलीकडे त्याच क्लबचा सभासद झाला, आणि तिथेही वडील काय करायचे ते कुणाला सांगितलं नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीकडे तर तो कधी फिरकलाच नाही. न जाणो, कुणी ओळखलं तर!

आबांनी काम सोडलं. मग उजवा गुडघा गेला. तो आता वाकत नाही, त्यामुळे आबांना गाडीत पुढे बसता येत नाही. मागच्या सीटवर पाय लांब करून, आडवं बसावं लागतं. चालायचं तर चाकांची खुर्ची. तरी दर सोमवारी ते मैदानावर जायचे. डिक्कीत घडी केलेली खुर्ची आणि मी, मागच्या सीटवर आबा, पुढे मुलगा आणि सूनबाई. आबा आणि गवत्या झाडाखाली बसून दुसऱ्यांचे फटके बघत आणि नावं ठेवत. सोमवारी सभासद नसतात, म्हणून मुलगा न कुरकुरता नेत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. मी जुनी आहे, खुळी नाही.

मग घरात ती नवी आली. पांढरी, टणक, दोन पायांवर उभी राहणारी, अंगभर कप्पे. छत्रीला कप्पा, बाटलीला कप्पा, टॉवेलला कडी. तिच्याबरोबर तिला वाहून न्यायला चाकांची ढकलगाडी आणि बुटांची पेटी. मला दाराच्या मागे टाकलं आणि तिला बैठकीच्या खोलीत ठेवलं. मी तिचा द्वेष करत होते. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास जुनी गाडी चढावर धापा टाकायला लागली. नवी घ्यायची ठरलं. मोजणीवाल्याची अट एकच, डिक्कीत गोल्फचं सगळं सामान मावलं पाहिजे. शनिवारी सकाळी सगळे निघाले. निघताना त्यानं नव्या बॅगेकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"हीच घेऊ मापाला," तो म्हणाला. "नवीला कशाला ओरखडे पाडायचे? हिला काय, कशीही आपटली तरी चालते."

ऐकलंत? अपमान झाला तरी मी मनात म्हटलं, आपट बाबा. एक दिवस तूच आपटशील.

शोरूमच्या बाहेर, जुन्या गाडीत, काच खाली करून, मागच्या सीटवर आबा बसून राहिले. आत टाय लावलेला एक पोरगेला विक्रेता एकेक डिक्की उघडून दाखवत होता.

"सर, हिची साडेचारशे लिटर आहे."

लिटर! लिटरनं दूध मोजतात. मला आडवी टाकायची की उभी, ते लिटर कसं सांगणार? मोजणीवाल्यानं मात्र खिशातून स्टीलची फीत काढली. डिक्कीची रुंदी मोजली, चाकांवरच्या फुगवट्यांमधलं अंतर मोजलं, खोली मोजली, वहीत लिहिली. मग मला आडवी घातली, शेजारी ढकलगाडी, कोपऱ्यात बुटांची पेटी. झाकण बंद झालं. दोन तासांत पाच गाड्यांमध्ये मी अशी जाऊन आले. पहिल्या चार मोठ्या होत्या. त्याला आवडली ती पाचवी, आखूड, लाल, आणि मी तिच्यात बरोब्बर बसले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अरे शहाण्या, मी चार बोटं अरुंद आहे, तुझी ती भवानी नाही! पण बॅगेला तोंड असतं आणि जीभ नसते.

सूनबाई हुशार होती. ती म्हणाली, "अहो, खुर्ची आणलीये ना? ती घालून बघा की. आणि आबांनाही एकदा मागे बसवून बघू."

"खुर्चीची घडी होते."

"आणि आबा?"

"आबा काय, कुठेही ॲडजस्ट होतात. आधी सामानाचं बघू दे."

लाल गाडी दारात आली त्या दिवशी ती पांढरी भवानी डिक्कीत आडवी गेली नाही. तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली, छत्री काढली, बाटली काढली. मोजणीवाला घामाघूम. मी दाराच्या मागून बघत होते आणि मला फार, फार बरं वाटत होतं. शेवटी त्यानं मागची सीट पाडली, तेव्हा कुठे सामान लांबीत मावलं. म्हणजे काय झालं बघा. सामान आत असेल तर मागची सीट नाही, आणि मागची सीट नसेल तर आबा नाहीत.

"काही बिघडत नाही," तो म्हणाला. "माझा रविवार, आबांचा सोमवार."

पहिल्या सोमवारी सामान काढून सीट पुन्हा उभी करायला त्याला अर्धा तास लागला. दुसऱ्या सोमवारी "आज राहू दे" झालं. तिसऱ्या सोमवारीही. आबा काही बोलले नाहीत. तीस वर्षं सभासदांच्या बॅगा शिवताना, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय त्यांना लागली होती. मला ती सवय कधीच आवडली नाही.

चौथ्या आठवड्यात गवत्याचा निरोप आला. तो काम सोडून लेकीकडे राहायला चालला होता, दूर. येता सोमवार त्याचा शेवटचा. आबांनी जुनी आरी काढली, चामडं कापायची रापी परजली आणि माझ्या बाजूचा खिसा कापून घेतला. माझ्या अंगावर तेवढंच धड चामडं राहिलं होतं. मला विचारलं नाही, पण आबांचा मला राग येत नाही. त्यातून त्यांनी गवत्याच्या कात्रीसाठी म्यान शिवलं. आयुष्यभर तो ती कात्री उघडी खिशात ठेवायचा आणि पँटचे खिसे फाडून घ्यायचा. आबांना एकेक टाका दोनदा घालावा लागत होता. सहा दिवस लागले.

आणि नेमकी त्याच सोमवारी क्लबनं सभासदांची स्पर्धा ठेवली.

सकाळी आबा कपडे करून, म्यान मांडीवर घेऊन, खुर्चीत दारापाशी बसले होते. मी शेजारी. गाडीची मागची सीट पाडलेली आणि आत ती पांढरी राणीसारखी लोळत पडलेली.

"आबा, आज जमणार नाही," मोजणीवाला म्हणाला. "गाडीत जागा नाही."

"गवत्या उद्या जातोय," आबा म्हणाले.

"द्या ते म्यान. मी देतो त्याला."

"मला माझ्या हातानं द्यायचंय."

"मग टॅक्सी करा ना!"

"टॅक्सी सामानाला करा," सूनबाई म्हणाली. "दोघांना एकाच ठिकाणी जायचंय. तुम्ही या आमच्याबरोबर, सामान टॅक्सीतून जाऊ द्या."

"आज तिथे सगळे असतील! कुणाकुणाला काय काय सांगत बसू मी?"

बोलून गेला. आबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"जागा नाही म्हणू नकोस. लाज वाटते म्हण. मोजून बोलतोस ना एरवी? तसं बोल."

सूनबाई गाडीपाशी गेली. तिनं पांढरीचा पट्टा धरला आणि तिला खसकन ओढून फुटपाथवर उभी केली. ढकलगाडी तिच्या पायाशी, बुटांची पेटी वर. सीट उभी केली, आबांना मागे बसवलं, त्यांचा पाय उशीवर ठेवला. डिक्कीत खुर्ची घडी करून घातली आणि तिच्या पोटाशी मला. मावलो आम्ही. मस्त मावलो.

"अगं, मी कसा येऊ एवढं सामान घेऊन?"

"तुम्ही काय," गाडी सुरू करत ती म्हणाली, "कुठेही ॲडजस्ट व्हाल."

मित्रांनो, डिक्कीच्या अंधारात मी हसले. हसायला नको होतं, पण हसले.

उतरल्यावर सूनबाईनं मला खुर्चीच्या मुठीला अडकवलं. गवत्या झाडाखालीच होता. आबांनी म्यान पुढे केलं. त्यानं कात्री आत घालून पाहिली.

"टाके सैल पडलेत," तो म्हणाला.

"तुझी कात्री बोथट आहे," आबा म्हणाले.

मग दोघं बराच वेळ मैदानाकडे बघत बसले. गवत्यानं बाहीला नाक पुसलं. आबांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

मोजणीवाला तासाभरानं आला. पहिले दोन टॅक्सीवाले पांढरीला बघून निघून गेले होते. तिसऱ्यानं तिला टपावर बांधली होती. तोवर त्याचं नाव स्पर्धेच्या यादीतून कापलं गेलं होतं. बॅग खांद्यावर, ढकलगाडी एका हातात, चेहरा लालबुंद. तो तावातावानं आमच्याकडे आला, आणि त्याच्या मागोमाग पांढरी टोपी घातलेला एक सभासद.

"हे कोण? तुमच्या ओळखीचे का?" टोपीवाल्यानं आबांकडे बघून विचारलं.

मोजणीवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. एक शब्द पुरेसा होता. तो त्याच्या तोंडून आला नाही.

"मी इथला जुना कामगार," आबा म्हणाले. "साहेबांना बॅग ठेवायची जागा दाखवायला आलोय."

साहेबांना! स्वतःच्या पोराला! गवत्यानं मान फिरवली. टोपीवाला निघून गेला आणि सूनबाईनं खुर्ची इमारतीच्या मागे वळवली. पत्र्याच्या खोलीला आता पक्की भिंत झाली होती, पण आत सगळं होतं तिथेच होतं. भिंतभर लाकडी खण, चाळीस. बहुतेकांत एकेक बॅग उभी, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

"सभासदांच्या बॅगा इथे राहतात," आबा म्हणाले. "वर्षभर. कुणीच घरी नेत नाही. खण मी बसवलेत."

मोजणीवाला चाळीस खणांकडे बघत होता. ज्या सामानासाठी त्यानं वडिलांची सीट पाडली, ते सामान कधी घरी न्यायचंच नव्हतं.

"मग गाडी घेताना का नाही सांगितलंत?" तो म्हणाला.

"शोरूमच्या बाहेर दोन तास बसलो होतो मी," आबा म्हणाले. "काच खाली होती."

परतताना तो पुढे बसला, सूनबाई चालवत होती. मी मागे आबांजवळ होते. अर्ध्या रस्त्यात त्यानं मागे वळून विचारलं, "आबा, पाय नीट आहे ना?" आबा खिडकीबाहेर बघत राहिले. ती पांढरी आता तेवीस नंबरच्या खणात अंधारात उभी असते, आणि सोमवारी सीट पाडलेली नसते. त्यानं माफी मागितली का? माझ्या देखत तरी नाही. मी त्याला माफ केलंय का? तर नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, तेल लावा, उन्हात टाकू नका, असं शेवटी सांगायचं असतं. मला तेल नको. माझा खिसा गेला तो चांगल्या कामाला गेला. तुम्ही कधी गाडी बघायला गेलात तर खुशाल फीत न्या, डिक्की उघडा, माझ्यासारखी एखादी आत आपटून बघा. पण त्याआधी बाहेर कुणाला बसवून आलाय ते आठवा, आणि जाऊन विचारा. काच खालीच असते.