मधल्या दांडीचा बाक

मित्रांनो, मी सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मी एक जुना लोखंडी बाक आहे, पापडीच्या तलावाकाठचा, आणि विधानसभेतली निम्मी भाषणं आधी माझ्यावर बसून झाली आहेत. दोन-चार सुधारणा तर मीच सुचवल्या. हसा, हसा!

माझा जन्म सातिवलीच्या एका गाळ्यातला. डेरिक वेल्डरने मला जोडलं, हिरवा रंग दिला आणि पाठीवर लिहिलं, 'आमदार चंद्रहासभाऊ यांच्या निधीतून'. नारळ भाऊंनीच फोडला. पहिले बसलेही तेच, शेजारी पत्नी वसुंधराबाई. मध्ये हातभर अंतर राखून!

काय दरारा होता भाऊंचा! व्हॅलेंटाइनची कार्डं त्यांनी भर बाजारात जाळली. कॉलेजच्या सहलीला मुलामुलींच्या बस वेगळ्या करायला लावल्या. आवाज असा, की ते इथे 'संस्कार' म्हणाले की अर्नाळ्याच्या होड्या वादळ आलं समजून किनाऱ्याला लागत. पण माणूस सच्चा. उमेळ्याला नळ आला तो त्यांच्यामुळे. लोकांनी तीनदा निवडून दिलं.

मग एकदा माझ्यावर एक जोडपं जरा खेटून बसलेलं भाऊंनी पाहिलं. आठवड्याच्या आत डेरिक आला आणि माझ्या मधोमध उभी दांडी ठोकून गेला. जोडपी फिरकेनाशी झाली. रंग उडाला, पाठीवरचं नाव पुसलं गेलं. चौथ्या निवडणुकीत भाऊही पडले.

तेव्हापासून चर्चची संध्याकाळची घंटा झाली की ते वसुंधराबाईंना घेऊन यायचे. बाईंना आताशा ऐकू येत नव्हतं. कानाशी बोलावं, तर मध्ये दांडी.

"गोळी घेतलीस का?" भाऊ ओरडायचे.

"घेतली, भाऊ!" पलीकडच्या काठावरून पोरं उत्तर द्यायची.

एके दिवशी बाई उठल्याच. "अहो, लोक हसतात. उद्यापासून मी नाही यायची. तुमची सभा तुम्हीच घ्या."

भाऊ एकटेच बसून राहिले. दांडी काढा म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने?

मित्रांनो, मला ते पाहवेना. मी दातओठ खाल्ले, जोर लावला आणि ती दांडी अख्खी गिळून टाकली! दुसऱ्या दिवशी भाऊंनी बाईंना आणलं, भर रस्त्यातून, हात धरून. दोघं अगदी खेटून बसली. भाऊ त्यांच्या कानात काहीतरी बोलले, इतकं हळू की मलासुद्धा ऐकू आलं नाही. बाई मात्र लाजल्या. म्हणून सांगतो, जुन्या बाकांना जपा. आम्ही वेळप्रसंगी लोखंडही पचव...

"ओ बाककाका, थापा नका मारू!" डेरिकची स्टेफी कमरेवर हात ठेवून उभी. "दांडी माझ्या पप्पांनी कापली. भाऊआजोबा स्वतः रिक्षा करून आमच्या गाळ्यावर आले होते. म्हणाले, 'कुणाला सांगू नकोस हं.' आणि पप्पा कापत होते ना, तेव्हा ती हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तेच उभे होते!"