कुणाची गं तू?

"शाकिरभाईंची. टेम्पोवाले शाकिरभाई. किकवी, स्टँडच्या मागं, हिरवं दार," तमन्ना मोबाईलला तोंड लावून सांगत होती. पाहुण्यांपुढे लावते तोच गोड सूर.

गुलफशानं मळती कणीक तशीच सोडली. "कुणाशी बोलतेस गं?"

"मामाशी."

तमन्नाला मामा एकच, भोरचा बिलाल. त्याला बहिणीच्या दाराचा रंग सांगायची काय गरज?

"कुठला मामा?"

"गेममधला. त्यांनी विचारलं, कुणाची गं तू, राहायला कुठं. मग सांगायला नको?"

गेम गुलफशानंच तपासून दिला होता. मारामारी नाही, रक्त नाही, नुसती घरं बांधायची. त्यात गप्पा मारायची सोय असते, हे मात्र बी.एस्सी. झालेल्या, डोळ्यांत तेल घालून पोरीवर नजर ठेवणाऱ्या या आईच्या नजरेतून सुटलं होतं. कणकेच्या बोटांनीच तिनं मोबाईल ओढून घेतला. तमन्ना बोलून निरोप पाठवायची, मामा मोठ्या लाडानं लिहीत होता. शाळा कुठली? अब्बा घरी कधी असतात? एक छान फोटो पाठव ना. आणि मग, अम्मीला सांगू नको हं, आपलं दोघांचं गुपित. त्याखाली तमन्नानं पाठवलेल्या फोटोची चौकट होती, पण रिकामी. एकदा बघितला की पुसला जाणारा फोटो होता तो.

"कसला फोटो पाठवलास? बोल! बोल म्हणते ना!" गुलफशानं पोरीला दंडाला धरून गदागदा हलवलं. तमन्नाचे ओठ जे मिटले ते मिटलेच.

शाकिर मार्केटवरून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कपाटात टाक मोबाईल अन् लाव कुलूप. विषय संपला." गुलफशानं त्या मामाला ब्लॉक केलं, सगळं बोलणं जपून ठेवलं, सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रारही केली. पण विषय कुठला संपतोय? फोटोत काय होतं, आणखी काय काय सांगून झालं होतं, ते दोघांनाच ठाऊक. एक तो, आणि एक ही आठ वर्षांची पोर, जी आता अम्मीनं नुसती हाक मारली तरी दादीच्या मागं जाऊन उभी राहत होती.

दादी म्हणजे शाकिरची आई, कुलसुमबी. त्यांनी नातीची बाजू घेतली. "तिला कशापायी बोलतीस? तूच शिकीवलंस की. शिवरे गावच्या लग्नात आपल्या आळीतल्या आनंदरावांनी इचारलं, कुणाची गं तू, तवा ही गप ऱ्हायली. चिमटा कुणी काढला व्हता?"

गुलफशानंच काढला होता. इकडं वडीलधाऱ्यानं विचारलं की पोरानं बापाचं नाव, गाव, घराची खूण घडाघडा सांगायची. बाजारात चुकलेलं पोर याच उत्तरावर घरी पोचतं. आणि जे सांगत नाही, त्याच्या आईला बायका नावं ठेवतात. ती नावं आपल्याला नकोत म्हणून आपण चिमटा काढला, हे गुलफशाला आता तव्याच्या चटक्यासारखं लागत होतं.

त्यातच शनिवार आला. शाळेतल्या आरतीबाईंनी तिला तिसरीच्या मुलांशी मोबाईलबद्दल बोलायला आधीच बोलावून ठेवलं होतं. अनोळखी माणसाशी बोलू नका, असं ठरवलेलं भाषण घेऊन ती फळ्यापुढं उभी राहिली. तमन्ना दुसऱ्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

"अनोळखी म्हणजे कोण रे?"

"काळा गॉगलवाला!"

"पोरं पळवणारा!" डोंगरावरच्या वस्तीतला रायबा ओरडला. "त्याच्याकडं पोतं असतंय!"

"आणि मामा?"

सगळा वर्ग हसला. "मामा कसा अनोळखी आसंल, बाई?"

गुलफशानं भाषण तिथंच सोडलं. ती वर्गाबाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि आवाज जाड करून म्हणाली, "काय रे बाळांनो, कुणाची पोरं तुम्ही?"

आत एकच गलका उडाला. बापांची नावं, आळ्या, पाण्याची टाकी, देवळामागचं घर, रायबाच्या मेंढ्यांचा वाडा. ती आत आली तेव्हा पोरं स्वतःवर खूश होती.

"दारामागं कोण होतं?"

"तुमीच की!"

"मी होते हे तुम्हाला माहीत होतं म्हणून. मोबाईलमध्ये ते दार उघडता येत नाही. तिथं कुणीही काका होतं, मामा होतं. रस्त्यावर समोर उभ्या असलेल्या आनंदरावकाकांना नीट उत्तर द्यायचं, पण मोबाईलमधून विचारलं तर गप्प बसायचं. त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. आणि मोबाईल तसाच घेऊन घरच्यांकडं यायचं."

मागून रत्ना नावाची चुणचुणीत पोर उभी राहिली. "आन् घरी सांगितलं की मोबाईलच काढून घेतात! वर धपाटा. मग कोण सांगंल?"

"व्हय, व्हय!" सगळा वर्ग रत्नाच्या बाजूनं झाला. आरतीबाईंनाही हसू आलं.

गुलफशाला मात्र हसू येईना. कपाटाची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. "सांगितलं म्हणून काढून घ्यायचा नाही, आणि ओरडायचंही नाही," ती म्हणाली, "हे मी तुमच्या आयांना सांगेन."

दुसऱ्या रांगेतली मान वर झाली होती.

शाळा सुटल्यावर दोघी हायवेच्या कडेनं घरी निघाल्या. तमन्ना दप्तर सावरत मागं मागं चालत होती. मग म्हणाली, "दुसऱ्यांच्या आयांना सांगणार. आणि तू गं?"

गुलफशाला काय काय म्हणायचं होतं. तू लहान आहेस, अब्बांना विचारू, परीक्षा झाल्यावर बघू. त्यातलं काहीही बोललं तर ही पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे तिला कळत होतं. घरी गेल्या गेल्या तिनं कपाट उघडलं आणि मोबाईल पोरीच्या हातात दिला. देताना हात आखडला, तरी दिला.

दादी दारातून म्हणाल्या, "आता गं? पुन्यांदा दिलास व्हय?"

"दिला," गुलफशा म्हणाली.

तमन्नानं भराभर फोटो सरकवले आणि एकावर थांबली. शाळेच्या ड्रेसमध्ये, हिरव्या दारापुढं, हसत. खिशावर शाळेचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"हा पाठवला."

 गुलफशाच्या तोंडाशी ओरडणं आलं होतं. तिनं ते गिळलं. सोमवारपासून पोरीला आपण स्वतः सोडायचं आणि आणायचं, आरतीबाईंना सांगायचं, भोरला पोलीस स्टेशनला जाऊन यायचं, सगळं डोक्यात एकदम धावायला लागलं. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस दाखवलास ते. आणखी काही?"

तमन्ना तिच्या चेहऱ्याकडं निरखून बघत राहिली, घाटात गाडी थांबली की ड्रायव्हरकडं बघतात तसं.

"आहे अजून," ती हळूच म्हणाली. "पण तू आधी खाली बस."

गुलफशा जमिनीवरच बसली आणि तमन्ना सांगायला लागली.